उपाशी या, असं सांगितलं होतं

परदेशी जायला पासपोर्ट लागतो एवढं मला माहीत होतं. पण माणूस आतून कसा आहे याचाही कागद लागतो, हे आमच्या ह्यांच्या वेळी कळलं. रक्त कसं आहे, छाती कशी आहे, डोळ्यांना लाल-हिरवं वेगळं दिसतं का, सगळं लिहून द्यायचं. मुलगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा एवढं विचारत नाहीत, असं आत्याबाई म्हणाल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात, मग ती आत्या असो वा नसो.

हे तेव्हा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते. मोल्डर म्हणजे वाळूचा साचा करणारा. साचा बसला की त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, गार झाल्यावर फोडून काढायचं. आम्ही कसबा बावड्यात दोन खोल्यांत राहायचो, आत्याबाई, आम्ही दोघं आणि आमची मुलगी. ती तिसरीत होती. साखर कारखान्याचा भोंगा झाला की हे सायकल काढायचे. हंगामात सगळ्या गल्लीला मळीचा वास असायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे, आम्हाला तो वास आहे हेच कळायचं नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून भाभींचं घर. भाभींचे मालक शिवणकाम करायचे. त्यांचा धाकटा भाऊ वेल्डर, तो दोन वर्षांपूर्वी आखातात गेलेला. आमच्याकडं त्या सगळ्या मुलखाला दुबईच म्हणायचे, तसं त्याचं गाव दुबई नव्हतं. त्यानं भाभींना पत्र घातलं, की आमच्या कंपनीला ओतकाम येणारा माणूस पाहिजे, शेजारच्या दादांना विचार. ह्यांनी एका दिवसात हो म्हटलं. फौंड्रीत तेव्हा आठवड्यातले दोन दिवस वीज नसायची. त्या दिवशी माणसं नुसती वाळू चाळत बसायची आणि हे घरी चिडचिड करत यायचे. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

मुंबईच्या एजंटाचा इंग्रजी कागद आला. फौंड्रीतल्या क्लार्कनं तो वाचून दाखवला. गावातल्या मोठ्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, ठरलेल्या तारखेच्या आत आम्हाला पाठवा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. त्याखाली यादी.

यादीत पहिली देवी होती. देवी टोचल्याचा दाखला असल्याशिवाय विमानातून उतरू देत नाहीत म्हणे. ह्यांनी नगरपालिकेच्या दवाखान्यात जाऊन देवी काढून घेतल्या. दंड सुजला, अंगात कणकण आली. झालं, आत्याबाईंनी घरात फोडणी बंद केली. देवी आली घरात, तर तिच्यापुढं तेल तडतडवायचं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, ही दवाखान्यातली देवी आहे." तर म्हणाल्या, "दवाखान्यातली म्हनून काय ती देवी न्हाय व्हय गं?" पाच दिवस आम्ही दहीभात खाल्ला. उंबऱ्याला कडुलिंबाचा डहाळा लावला. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात डॉक्टरांचं सांगणं आणि देवाचं सांगणं एकाच दारानं आत यायचं, आणि पुढं जे झालं ते त्याच दारानं आलं.

मग शौचाची तपासणी. ती काड्यापेटीतून न्यायची असायची, तेव्हा दुसरं काही भांडं नव्हतं. काड्यापेटी कागदात गुंडाळून हे शर्टाच्या खिशात घालून निघाले. पंचगंगेच्या पुलाजवळ सायकलची साखळी उतरली, ती बसवताना कागद निसटला. एक म्हातारा शेतकरी जवळ आला, "पावणं, काडी द्या की जरा, विडी पेटवतो." ह्यांनी सांगितलं पेटी रिकामी आहे. तो म्हणाला, "खिशात फुगलीया की चांगली! एका काडीला एवढं करतंय व्हय माणूस?" आणि बावड्याच्या माणसांच्या कंजूसपणावर बरंच काही बोलून गेला.

भीती आम्हाला होती ती छातीच्या फोटोची. फौंड्रीत पंधरा वर्षं वाळू आणि धूर. ह्यांच्याबरोबरचे दोघंतिघं खोकून खोकून बसलेले. फोटोच्या दिवशी ह्यांनी केसाला तेल लावलं, भांग पाडला, तोंडाला पावडरसुद्धा लावली. मी म्हटलं, "अहो, छातीचा फोटो आहे." "असूंदे की," म्हणाले, "वरचं पन आलं तर?" फोटो आणल्यावर आत्याबाईंनी तो उजेडाला धरून बघितला आणि म्हणाल्या, "बापावर गेलाय." छाती स्वच्छ निघाली. त्या दिवशी आम्हाला वाटलं, झालं सगळं. राहिलं काय, तर नुसतं रक्त.

रक्तासाठी गुरुवारी सकाळी बोलावलं होतं. बुधवारी संध्याकाळी ह्यांनी घरी येऊन सांगितलं, "उद्या उपाशी या म्हनलाय कंपाउंडर."

मी म्हटलं, "बरं."

आता मी तेव्हा काय समजले ते नीट सांगते. आमच्या घरात उपास म्हणजे रोजचीच गोष्ट. सोमवार माझा, गुरुवार आत्याबाईंचा, संकष्टी दोघींची, एकादशी सगळ्यांची. उपास म्हटलं की माझा हात आपोआप साबुदाण्याच्या डब्याकडं जायचा. आणि उपाशी? उपाशी हा शब्द आमच्याकडं चांगला नव्हता. कुणाला उपाशी पाठवू नये, उपाशी झोपू देऊ नये, दारातलं कुत्रंसुद्धा उपाशी जाऊ नये. त्यात माणूस रक्त द्यायला निघालेला, अंगातलं रक्त काढणार, आणि त्याला मी उपाशी पाठवीन? माझ्या मनात शंकाही आली नाही. डॉक्टर म्हणतात उपास करून या, तर करू की उपास.

सकाळी लवकर उठले. शेंगदाण्याचं कूट घालून साबुदाण्याची खिचडी केली. रताळ्याचे काप तुपावर परतून त्यात गूळ घातला. वरीचा शिरा केला, माझं माहेर आजऱ्याकडचं, तिकडून आलेले काजू होते, ते त्यात घातले. वर दोन केळी आणि तांब्याभर म्हशीचं दूध, साखर घालून. हे म्हणाले, "एवढं?" मी म्हटलं, "खावा. बाटलीभर रक्त काढत्यात म्हणे." पोटभर जेवले, ढेकर दिली आणि सायकलवर बसून गेले.

तिथं डॉक्टरांनी विचारलं, "उपाशी आहे ना?"

हे म्हणाले, "व्हय साहेब, कडक."

शनिवारी कागद आला. कंपाउंडरनं वाचून सांगितलं की रक्तात साखर आहे, डायबेटीस, आणि खाली डॉक्टरांनी लिहिलंय अनफिट. ह्यांनी तो कागद घरी आणून देवापुढं ठेवला. "आमच्यात साचा फिट बसला न्हाय की फोडून वाळू परत ढिगात टाकत्यात," एवढंच बोलले. मुदतीत पोचणाऱ्या शेवटच्या, गुरुवारच्या टपालानं एजंटाला हाच कागद पाठवून द्यायचा, म्हणजे ती जागा तरी दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल, असं ठरवलं. ट्रंक उतरवून ठेवली होती ती परत माळ्यावर चढवली.

गल्लीत गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. कारखान्यात कामाला असलेले समोरचे एक गृहस्थ दारातूनच ओरडले, "काय मर्दा, उतारा किती पडला?" उतारा म्हणजे उसातून साखर किती निघते त्याचं माप. "आमच्याकडं न्या की ह्याला गाळपाला, हंगाम चालू हाय!" असं म्हणून हसले. फौंड्रीत म्हणे एकानं चहात ह्यांचं बोट बुडवायला मागितलं. हे सगळ्यांबरोबर हसले. कोल्हापुरात दुखण्यावर पहिला उपाय चेष्टा, डॉक्टर नंतर.

घरात आत्याबाईंनी कारभार हातात घेतला. सकाळी कारल्याचा रस. दुपारी ज्वारीची भाकरी आणि मेथी. गुळाची ढेप कापडात बांधून पलंगाखाली सरकवली. ह्यांच्या एका चुलत्याचा पाय साखरेनं गेला होता. आधी अंगठा काळा पडला, मग पाऊल, मग मिरजेला नेऊन गुडघ्यापासून काढला. ती गोष्ट घरात कुणी काढली नाही, पण आत्याबाई ह्यांच्या पायांकडं बघायच्या आणि मग दुसरीकडं बघायच्या.

सोमवारी माझा उपास. हे कामावर गेले होते, मी दुपारी ताट वाढून घेतलं आणि पडवीत बसले. भाभी काहीतरी मागायला आल्या, बहुतेक सुईदोरा नाहीतर ताक, आठवत नाही. माझ्या ताटाकडं बघत उभ्या राहिल्या. खिचडी, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, एक लाडू.

"वैनी, आज उपास न्हवं तुमचा?"

"व्हय की."

"मग हे काय?"

"उपासाचंच हाय की सगळं."

भाभी कमरेवर हात ठेवून हसायला लागल्या. "या अल्ला! तुमचा उपास म्हंजे आमची ईद की ओ! आमच्यात रोजा म्हंजे थुंकी गिळायची चोरी. उपाशी म्हंजे उपाशी, पोट पाठीला लागाय पायजे." पुढं कायकाय बोलल्या, हसत हसत घरी गेल्या.

मी घास हातात धरून बसले होते. उपाशी म्हणजे उपाशी.

गुरुवारची सकाळ डोळ्यांपुढं आली. रताळी, गूळ, दूध, साखर. रक्तात साखर निघणार नाही तर काय निघणार? मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पुढचं वाचन पुड्यांच्या कागदांवरचं, पण एवढं कळायला डॉक्टर व्हायला लागत नाही. घास परत ताटात ठेवला. मग थोड्या वेळानं खाल्ला, कारण अन्न टाकू नये.

आता इथून पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला सोमवारी दुपारी कळलं आणि मी मंगळवारी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. सोमवारी संध्याकाळी हे घरी आले, मुलीचे पाढे घेतले, मला म्हणाले, "भाजी निवडायला दे." ह्यांनी आमच्या लग्नात भाजी कधी निवडली नव्हती. मेथीची पानं एकेक खुडत बसले होते, देठ आणि पानं दोन्ही एकाच ढिगात टाकत होते. मी गप्प राहिले. मी बोलले नाही तर गुरुवारी तो कागद टपालात पडेल आणि हा माणूस इथंच राहील, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. कुणाचा घात करतोय असं तेव्हा वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्या शनिवार-रविवारी मला झोप छान लागली होती. सोमवारी मात्र लागली नाही.

मंगळवारी संध्याकाळी मी चूल पेटवत होते. हे उंबऱ्यावर बसले होते, आमच्याकडं पाठ करून. काय करतायत म्हणून मी वाकून बघितलं. पायाचे अंगठे दाबून बघत होते. आधी उजवा, मग डावा. मग वाटेवरचा एक बारका खडा उचलला, अंगठ्याला टोचला, आणि टोचतंय का ते बघायला डोळे मिटले.

मला वाटलं होतं मी त्यांना घरी ठेवून घेतेय. ते घरी होतेच कुठं, ते त्या चुलत्याच्या गेलेल्या पायाजवळ बसले होते.

मी हात पुसले आणि बाहेर आले. "अहो, त्या बुधवारी कंपाउंडर नेमकं काय म्हणाला होता?"

"कशाला आता?"

"सांगा तर. उपास करून या म्हणाला, का उपाशी या म्हणाला?"

"उपाशी या म्हनला. रातीपास्नं पोटात काय नको म्हनला."

"रातीपास्नं हे मला कुठं सांगितलंत?"

"उपाशी म्हटलं की झालं न्हवं? त्यात काय सांगायचं?" ते वळले. "तू केलंवतंस की उपासाचं."

"खिचडी केलती. रताळी केलती. दूध दिलं, साखर घालून."

ते माझ्याकडं बघत राहिले. ओतकामातला माणूस, त्याला चूक कुठं झाली ते सापडायला वेळ लागत नाही, फक्त साचा उलटा करून बघावा लागतो. हातातला खडा त्यांनी रस्त्यावर फेकला.

"म्हंजे साखर माझी न्हाय, रताळ्याची?"

"असं मला वाटतंय. परत तपासून बघावं."

आतून आत्याबाई आल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ह्यांना मोठ्यानं हसू फुटलं, ते खोकला येईपर्यंत हसले, आणि म्हणाले, "आई, गूळ काढ पलंगाखालचा!" मी म्हटलं, "खबरदार. उद्या तपासणी झाल्यावर."

आत्याबाई हसल्या नाहीत. ह्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघत म्हणाल्या, "तुला आज कळलं व्हय गं हे?"

मी म्हटलं, "आत्ताच ध्यानात आलं."

त्यांनी एकदा मान हलवली आणि चुलीकडं गेल्या. चूल मी पेटवून तशीच सोडली होती, ती विझली होती.

त्या रात्रीची जबाबदारी भाभींनी घेतली. परसातल्या कुंपणावरून त्यांनी ह्यांना ताकीद दिली, "दादा, आता रोज्यासारखं. पानी पन न्हाय." त्याही जरा पुढंच गेल्या, पाणी चालतं. पण आधीच एकदा पोळलेलं, आता कोण धोका घेणार? बुधवारी सकाळी हे तोंड धुताना चूळसुद्धा थुंकून थुंकून भरत होते. दवाखान्यात रक्त दिलं, लघवीही मागितली, तर ती येईना. कंपाउंडरनं पाण्याचा पेला पुढं केला. हे म्हणाले, "नको, रोजा हाय." कंपाउंडरनं ह्यांच्या कपाळावरच्या गंधाकडं बघितलं, मग डॉक्टरांना आत जाऊन काहीतरी सांगितलं. डॉक्टर स्वतः बाहेर आले. मग ह्यांनी सगळं सांगितलं, खिचडीपासून. डॉक्टर हसले नाहीत म्हणे. त्यांनी कंपाउंडरला सांगितलं, यापुढं उपाशी या असं नुसतं म्हणू नका, काही खायचं नाही, उपासाचंही नाही, असं म्हणा. पुढं बरीच वर्षं त्या दवाखान्याच्या भिंतीला तशी पाटीच होती. मी स्वतः बघितली आहे.

डॉक्टरांनी घाई केली, संध्याकाळीच कागद मिळाला. साखर नाही. गुरुवारच्या टपालात तो पडला. त्या संध्याकाळी हे गुळाचा खडा तोंडात धरून ट्रंक माळ्यावरून उतरवत होते आणि खाली मी ती झेलायला उभी होते.

पुढच्या महिन्यात एका शनिवारी हे गेले. एसटी स्टँडवर भाभी, त्यांचे मालक, फौंड्रीतले चौघं, सगळे आले होते. गाडी सुटताना एकानं ओरडून विचारलं, "जेवलास न्हवं रं? का उपास?" सगळे हसले. हेही खिडकीतून हसत होते. मुलगी माझ्या हाताला धरून होती आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिली.

सोमवारी माझा उपास होता. सकाळी साबुदाणा भिजवायचा राहून गेला. मुलीला शाळेत पाठवलं, धुणं केलं, दुपार झाली. पडवीत नुसती बसून होते. पोटात सकाळपासून काही नव्हतं, पाणीही प्यायले होते की नाही कुणास ठाऊक. आत भांड्यांचा आवाज येत होता. थोड्या वेळानं आत्याबाई ताट घेऊन आल्या आणि माझ्यापुढं ठेवलं. रताळ्याचे काप होते, तुपावर परतलेले, गूळ घातलेले. साबुदाणा भिजायला वेळ नव्हता म्हणून असेल.

समोर बसल्या, पाय पसरले, आणि म्हणाल्या, "उपास हाय न्हवं तुझा? मग उपाशी का बसलीस?"